मोतियावर मोतिया

लाल शालूतली किंवा लेहंग्यातली नवरी चित्रात काढायला सोपी, हे आमच्या डिजिटल चित्रांच्या कामातलं कुणीही सांगेल. डिसेंबर 2021मध्ये कतरिना कैफ आणि विकी कौशलच्या लग्नाचं चित्र मी एका बैठकीत पूर्ण केलं होतं. लाल रंग भरायचा, त्यावर जरीचा सोनेरी हात फिरवायचा, चित्र उभं राहतं.

14 एप्रिल 2022च्या संध्याकाळी आलिया भट्टने रणबीर कपूरबरोबरच्या लग्नाचे फोटो टाकले आणि मी हातातलं मुखपृष्ठाचं काम बाजूला ठेवून नवी फाइल उघडली. त्या लग्नाची जागाच मला भावली. ना राजवाडा, ना परदेशातलं तळं. वांद्र्यातल्या राहत्या घराची बाल्कनी. नात्याची मागची पाच वर्षं जिथे घालवली, त्या आवडत्या कोपऱ्यात लग्न केलं, असं तिनेच लिहिलं होतं. हे काढल्याशिवाय झोप येणार नव्हती.

पण दोघंही मोतिया रंगात! तिची डिझायनर सब्यसाचीची ऑर्गन्झा या पातळ कापडाची साडी, वर टिश्यू या तलम कापडाची ओढणी, गळ्यात मोती. त्याची रेशमी शेरवानी आणि फेटा. मागची फुलंही बरीचशी पांढरी. नुसते सपाट रंग भरले तर ती कुठे संपते आणि तो कुठे सुरू होतो तेच कळेना. काळी बाह्यरेषा ओढून सुटका झाली असती, पण त्या कापडाचा सगळा हलकेपणा गेला असता.

आई मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, "अगं, हे कापड अंगावर पडत नाही, उभं राहतं. थांब जरा." तिने कपाटातून तिची जुनी टिश्यूची साडी काढली आणि टेबललॅम्पसमोर धरली. "हे बघ, एक पदर आहे तिथे माझा हात दिसतो. दोन पदर आले की धूसर. निऱ्यांपाशी काहीच दिसत नाही."

तिथून पुढचं काम सरळ झालं. साडीचा रंग मी रंग म्हणून भरलाच नाही. आधी दंडाची त्वचा, ब्लाउज, मागची फुलं असं आतलं सगळं रंगवलं आणि त्यावर मोतियाचे पातळ, पारदर्शक लेयर, म्हणजे रंगाचे थर, एकावर एक चढवले. जिथे घडी तिथे आणखी एक. शेरवानी मात्र पूर्ण अपारदर्शक ठेवली, तिच्या सावल्या उबदार, बदामी. साडीच्या सावल्या किंचित जांभळट. रंग एकच, पण कापडं दोन, आणि त्यामुळे माणसंही दोन दिसायला लागली. शुद्ध पांढरा ठेवला तो फक्त मोत्यांवरच्या चकाकीला. मोजकी मेंदी असलेला तिचा हात त्याच्या बाहीवर ठेवला. चित्रातला तोच सगळ्यात गडद ठिपका, नजर आधी तिथे जाते.

काठाच्या जरीसाठी नक्षी उमटवणारे तयार डिजिटल ब्रश मिळतात. मी ते वापरत नाही. घडीवर नक्षी वळते, अर्धी लपते. ब्रशने ती शिक्का मारल्यासारखी सरळ जाते. तो काठ हाताने काढण्यात मध्यरात्र उलटली. चेहऱ्यांना त्यामानाने कमी वेळ लागला. आलियाची गालावरची खळी नीट बसली की बाकी चेहरा जुळतो, आणि चाहत्यांची नजर नेमकी तिथेच पहिल्यांदा जाते.

एक गोष्ट मी पाळतेच: फोटो गिरवायचा नाही. ती चौकट फोटोग्राफरची, त्याने पकडलेला क्षण त्याचा. मी फोटो पाहून कपडे, दागिने, उजेड समजून घेते आणि बसण्याची मांडणी स्वतःची करते. सकाळी चित्र टाकल्यावर कॉफीच्या मगवर आणि पोस्टरवर छापून विकण्याबद्दल विचारणा आली. मी नाही म्हटलं. चेहरे त्या दोघांचे, साडीची कलाकारी कारागिरांची. माझा त्यात जीव आहे, पण त्याचा बाजार मांडायचा हक्क माझा नाही.

17 ऑक्टोबर 2023ला राष्ट्रीय पुरस्कार घ्यायला आलिया दिल्लीत तीच लग्नाची साडी नेसून गेली. रणबीर प्रेक्षकांत बसून फोनवर तिला टिपत होता. मी तेही चित्र केलं: मंचावर ती एकटी, साडीभोवती गडद रंग भरपूर, काम भराभर झालं. आईला मात्र पहिलंच आवडतं. निऱ्या त्यात जास्त खऱ्या आहेत म्हणते.