ए३२० वर रायझन ५६०० : बूट झाला, पण झेपतोय का?

आधी निकाल सांगतो. २०१७ सालच्या ए३२० (एएमडीचा स्वस्त चिपसेट) मदरबोर्डावर रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर चालतोय, आणि लोड टाकल्यावरही टिकतोय. याच सॉकेटात आधी रायझन ३ १२०० होता. कोअर चारचे सहा झाले, थ्रेड चारचे बारा, एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) ८ एमबीवरून ३२ वर गेली. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये फरक लगेच जाणवतो.

एएमडीने नोव्हेंबर २०२० मध्ये झेन ३ (५६०० याच पिढीतला) आणला तेव्हा ए३२० सारखे ३०० मालिकेचे चिपसेट सपोर्टच्या यादीत नव्हते. अधिकृत सपोर्ट २०२२ मध्ये मिळाला. सॉकेट तोच, अडलं होतं बायोसपाशी, म्हणजे बोर्ड सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरपाशी. जुन्या बऱ्याच बोर्डांवर बायोसची चिप १६ एमबीची, त्यात सगळ्या पिढ्या मावत नाहीत. म्हणून काही नव्या बायोसमधून ब्रिस्टल रिज ही प्रोसेसरची जुनी पिढी काढून टाकलीय. तसला प्रोसेसर वापरत असाल तर अपडेटनंतर परतीचा रस्ता बंद, हे धरून चाला.

अपडेट जुना प्रोसेसर बसलेला असतानाच करायचं. स्वस्त बोर्डांवर प्रोसेसरशिवाय बायोस फ्लॅश करायचं बटण सहसा नसतं. काही बोर्डांना मधली एखादी आवृत्ती आधी टाकावी लागते, तेव्हा डाउनलोड पानावरच्या सूचना नीट वाचा. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला, आणि यूपीएस हवाच.

पण कंपनीच्या यादीत नाव आहे म्हणजे सगळं जमलं, असं मी मानत नाही. खरी परीक्षा व्हीआरएमची, म्हणजे बोर्डावरच्या प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागाची. माझ्या बोर्डावर त्यावर हीटसिंकच नाही. ५६०० ची पीपीटी (वीज ओढण्याची कमाल मर्यादा) ७६ वॅट, म्हणून निभावतं. लांबलचक रेंडरमध्ये एचडब्ल्यूइन्फो हे वेग-तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर उघडं ठेवलं होतं. क्लॉक (प्रोसेसरचा वेग) बेसच्या, म्हणजे ठरलेल्या मूळ वेगाच्या, खाली आला नाही. यात सोबत आलेल्या रेथ स्टेल्थ कूलरचा मोठा वाटा आहे, कारण तो हवा खाली बोर्डावर मारतो आणि व्हीआरएमलाही वारा लागतो. टॉवर कूलर लावला की प्रोसेसर थंड राहतो, पण शेजारचे मॉसफेट (व्हीआरएममधले तापणारे भाग) भाजतात. अशा बोर्डांवर हा साधा कूलरच मला जास्त योग्य वाटतो. ५८००एक्स३डी हा प्रोसेसर मात्र १४२ वॅटपर्यंत ओढू शकतो. यादीत असला तरी बिनहीटसिंकच्या बोर्डावर मी तो बसवणार नाही.

रॅम ३२०० ला एक्सएमपीवर (रॅमच्या वेगाची तयार सेटिंग) विनातक्रार चालते. पीसीआयई (ग्राफिक्स कार्डाची जोडणी) ३.० वरच थांबतं. आरएक्स ६६०० या ग्राफिक्स कार्डाला त्याचा फारसा त्रास नाही, पण चारच लेनच्या ६५०० एक्सटीला चांगलाच फटका बसतो. ते कार्ड या बोर्डासाठी घेऊ नका.

पुढे ५७००एक्स लावून बघणार आहे. टीडीपी (उष्णतेचा ठरलेला आकडा) तोच ६५ वॅट, पीपीटीही तीच ७६. सोबत कूलर येत नाही, त्यामुळे खाली हवा मारणाराच शोधतोय. बिनहीटसिंकच्या बी३५० बोर्डावर कुणी तो चालवत असेल तर कॅबिनेट बंद ठेवून अर्धा तास रेंडर केल्यावर क्लॉक किती राहतो, तेवढं कळवा.