साडू, मित्र आणि लॉन्ड्रोमॅट: आमचं ऑपरेटिंग अ‍ॅग्रीमेंट

न्यू जर्सीत एलएलसी (मालकांची जबाबदारी मर्यादित ठेवणारी कंपनी) काढणं तासाभरात उरकतं. राज्याच्या पोर्टलवर नाव मोकळं आहे का बघायचं, १२५ डॉलर भरायचे, सर्टिफिकेट उतरवून घ्यायचं. आयआरएसच्या (केंद्रीय कर खात्याच्या) साइटवर ईआयएन, म्हणजे कंपनीचा कर-क्रमांक, लगेच मिळतो, तोही फुकट. (त्याचे पैसे मागणाऱ्या साइट दलालांच्या असतात, तिकडे जाऊ नका.) या सगळ्यात भागीदारांचं आपापसात काय ठरलंय, हे कुणी विचारत नाही. ऑपरेटिंग अ‍ॅग्रीमेंट (भागीदारांचा आपसातला करार) राज्याकडे द्यावं लागत नाही, त्यामुळे ते राहूनच जातं. नाहीतर बँकेनं मागितलं म्हणून कुठल्यातरी साइटवरच्या नमुन्यात नावं भरून सह्या ठोकल्या जातात.

आम्ही तिघांनी चालू स्थितीतला एक लॉन्ड्रोमॅट (नाणी टाकून कपडे धुवायच्या यंत्रांचं दुकान) विकत घ्यायचं ठरवलं होतं. मी नोकरी करतो आणि माझ्याकडे बचत होती, म्हणून १,२०,००० डॉलर माझे. कॉलेजातल्या मित्राचे ६०,०००. तो एच-वन-बीवर आहे आणि ग्रीनकार्डाच्या रांगेत उभा आहे. तिसरे माझे थोरले साडू, त्यांना आम्ही भाऊ म्हणतो. त्यांचे २०,००० आणि रोजचे दहा तास, कारण दुकान तेच चालवणार. उरलेली किंमत विकणाऱ्यालाच हप्त्यानं द्यायची होती.

मी वकिलाचं नाव काढलं तेव्हा भाऊंना ते लागलं. ‘घरातल्या घरात कागद कशाला?’ हे वाक्य येणार हे मला माहीत होतं. त्यांना मी एवढंच विचारलं की महिन्याला नऊ हजार शिल्लक राहिले तर कुणाला किती? ते म्हणाले, ‘ज्याचे जितके पैसे, त्या हिशेबानं. आणि माझ्या कामाचं वेगळं.’ मित्र म्हणाला, हे तर उघडच आहे.

न्यू जर्सीच्या कायद्यात ते मुळीच उघड नाही. तिथे एलएलसीचा आताचा कायदा नव्या कंपन्यांना २०१३ पासून आणि जुन्या-नव्या सगळ्यांना २०१४ पासून लागू आहे. तुम्ही वेगळं काही ठरवलं नसेल तर नफ्याचं वाटप सगळ्या भागीदारांना समसमान, असं तो सांगतो. म्हणजे १,२०,००० घालणाऱ्याला तीन हजार आणि २०,००० घालणाऱ्यालाही तीनच हजार. कारभारातही तिघांना सारखा हक्क. रोजच्या गोष्टी बहुमतानं आणि त्यापलीकडचं काहीही करायचं तर तिघांचा होकार हवा. तोंडी ठरलेलंही चालतं, पण ते सिद्ध कोण करणार? कागद केला नाही म्हणून तुम्ही कराराशिवाय राहत नाही. राज्याची राजधानी ट्रेंटन, तिथल्या विधिमंडळानं लिहिलेला करार तुम्हाला लागू होतो आणि तो लिहिताना तुमचा लॉन्ड्रोमॅट कुणाच्या डोळ्यासमोर नव्हता.

मित्राला तर याचा दुसराच फटका होता. एच-वन-बीवर माणूस पैसे गुंतवू शकतो, पण काम फक्त स्पॉन्सर करणाऱ्या कंपनीसाठीच करू शकतो. करारात काही नसेल तर एलएलसी ‘मेंबर-मॅनेज्ड’ धरली जाते, म्हणजे कागदोपत्री तोही दुकान चालवणाराच. त्याच्या इमिग्रेशन वकिलानं पहिलीच अट घातली: कंपनी ‘मॅनेजर-मॅनेज्ड’ करा, मॅनेजर भाऊ, आणि या माणसाचा सहभाग पैशांपुरता. मग भाऊंनीही खुर्ची ओढून घेतली. साडूचा हट्ट एकवेळ बाजूला ठेवता येतो, व्हिसाचं काय करणार!

वकीलबाईंची फ्लॅट फी अडीच हजारांच्या आसपास होती. सुरुवातीलाच त्यांनी स्पष्ट केलं की त्या कंपनीच्या वकील आहेत, आम्हा तिघांपैकी कुणाच्याही नाहीत, तेव्हा ज्याला हवं त्यानं मसुदा स्वतंत्रपणे दाखवून घ्यावा. भाऊंनी तो खरंच दुसऱ्याकडून वाचून घेतला. त्यांचे चारशे डॉलर गेले आणि माझ्या मते ते सर्वांत कामी आले, कारण त्यानंतर ‘हा साडूचा कागद’ हे पालुपद बंद झालं.

पैशांच्या भागात सीपीए, म्हणजे हिशेब आणि कर बघणारा, सोबत बसला. भाऊंना वाटत होतं, आपलं पगारपत्रक निघेल. पण पार्टनरशिपसारखा कर भरणाऱ्या एलएलसीचा भागीदार तिचाच नोकर होऊ शकत नाही. त्याला मिळते ती ‘गॅरंटीड पेमेंट’, आणि सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स त्यानं स्वतः भरायचा. म्हणून भाऊंच्या कामाच्या मोबदल्याचा ३,२०० चा आकडा वाढवून आम्ही ३,५०० केला. कष्टाचा वाटा कसा द्यायचा, हा त्याहून नाजूक मुद्दा. आजच्या भांडवलातच वाटा दिला तर ते त्यांचं उत्पन्न धरलं जातं आणि हातात दमडी न येता कर लागतो. तेव्हा वाटा द्यायचा तो पुढच्या नफ्यातला आणि वाढीतला. वीस टक्के, दर वर्षाला पाच टक्के पक्के होत जाणारे. उरलेले ऐंशी टक्के पैशांच्या प्रमाणात. चार वर्षांनी माझे ४८, मित्राचे २४, भाऊंचे २८. दुकान विकलं तर आधी ज्याचं भांडवल त्याला परत, मग या टक्क्यांनी वाटणी. हा हिशेब भाऊंनी डिटर्जंटच्या खोक्यावर तीनदा मांडून पाहिला, तेव्हा कुठे मान हलवली.

मग आला बाहेर पडण्याचा भाग. एका संध्याकाळी दुकान बंद करून आम्ही आतल्या खोलीत बसलो होतो. भाऊ क्वार्टर मोजायच्या यंत्रात नाणी ओतत होते आणि त्या खडखडाटात मी कलमं वाचून दाखवत होतो. मृत्यूचं कलम त्यांनी शांतपणे ऐकलं. न्यू जर्सीत भागीदार गेला की त्याच्या वारसांना फक्त पैशांचा हक्क उरतो. वाटप होईल तेव्हा हिस्सा मिळायचा, मत नाही. वाटप करायचं की नाही हे मागे राहिलेले ठरवणार. आपणहून बाहेर पडणाऱ्याचीही तीच गत: जुन्या कायद्यात त्याला वाजवी किंमत मागता यायची, नव्यात ती सोय गेली. आम्ही लिहिलं की कुणी वारला किंवा बाहेर पडला तर कंपनीनं त्याचा हिस्सा विकत घ्यायचाच, स्वतंत्र मूल्यांकन करून, वीस टक्के लगेच आणि बाकी चार वर्षांच्या हप्त्यांनी.

पुढचं कलम घटस्फोटाचं होतं. भाऊंनी यंत्र बंद केलं. ‘हे तू ताईंसमोर वाचणार आहेस?’ ताई म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. वाचलं. दोघी बहिणी आधी हसल्या. मग ताईंनी चष्मा लावून ते कलम पुन्हा वाचलं आणि विचारलं, ‘म्हणजे मला मशीन मिळणार नाहीत, पैसे मिळतील, बरोबर?’ अगदी बरोबर. कोर्टानं हिस्सा जोडीदाराला दिला तरी भागीदारी मिळत नाही, त्याची किंमत मिळते. बायकांच्या संमतीच्या सह्या आम्ही वेगळ्या पानावर घेतल्या.

वकीलबाईंनी ‘शॉटगन’ कलमाचाही पर्याय ठेवला होता: एकानं किंमत सांगायची आणि दुसऱ्यानं त्याच किमतीला विकायचं किंवा घ्यायचं. ऐकायला न्याय्य वाटतं. पण ज्याच्याकडे रोकड आहे तोच त्यात जिंकतो, आणि आमच्यात रोकड माझ्याकडे होती. मी स्वतःच नको म्हटलं. त्याऐवजी मोठ्या गोष्टींची यादी केली. दहा हजारांवरचा खर्च, कर्ज, लीज, नवा भागीदार आणि विक्री यांना टक्क्यांच्या बहुमताबरोबर भाऊंचा होकार हवाच. लीजला माझी आणि भाऊंची पर्सनल गॅरंटी होती. घरमालकानं वसुली आमच्याकडून केली तर तिघांनी आपापल्या टक्क्यांनी भरायची, हेही त्यात आलं. हे नसतं तर एलएलसीचं कवच असूनही सगळा बोजा दोघांच्या घरावर आला असता.

भांडण झालं तर काय, यावर मित्र म्हणाला की दोघांनी मिळून तिसऱ्याला काढता येईलच ना. तेव्हा बाईंनी ‘आयई टेस्ट विरुद्ध कॅरोल’ हा खटला सांगितला. भागीदार तीन, लेखी ऑपरेटिंग अ‍ॅग्रीमेंट नाही, दोघांना तिसरा नको. २०१६ मध्ये न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टानं म्हटलं की पटत नाही म्हणून कुणाला काढता येणार नाही. त्याच्यासह धंदा चालवणं व्यवहारात शक्य आहे का, हे सात निकषांवर तपासावं लागेल. आणि प्रकरण परत खालच्या कोर्टात. आम्ही काढण्याची कारणं मोजकी लिहिली: अफरातफर, ठरलेले पैसे न भरणं आणि मॅनेजरनं सलग साठ दिवस काम सोडणं. आधी मध्यस्थ, मग लवाद.

एका गोष्टीवर आमचं धड जमलं नाही. बाहेर पडणाऱ्यानं जवळपास दुसरा लॉन्ड्रोमॅट काढू नये, ही बंदी भाऊंना जाचक वाटते आणि मला तोकडी. दोन वर्षं, तीन मैल, असं काहीतरी लिहून ठेवलंय.

करार पहिल्यांदा लागला तो गरम पाण्याच्या बॉयलरनं दगा दिला तेव्हा. खर्च चौदा हजार, म्हणजे मर्यादेच्या वर, आणि मी सुट्टीवर पुण्यात. ईमेलवरचा होकार लेखी धरायचा, हे वाक्य बाईंनी आपणहून घातलं होतं. मी ‘मंजूर’ लिहून पाठवलं आणि भाऊंनी लगोलग प्लंबरला फोन लावला.

दुसऱ्या वर्षी नफा चांगला झाला, पण बहुतेक रोकड विकणाऱ्याच्या हप्त्यांत गेली. मुद्दलाची फेड खर्चात धरता येत नाही, त्यामुळे मार्चमध्ये फॉर्म १०६५ (कंपनीचं करपत्रक) बरोबर प्रत्येकाच्या वाट्याचा नफा दाखवणारे के-वन आले तेव्हा तिघांच्या नावावर हातात न आलेलं उत्पन्न दिसत होतं. मित्राला घाम फुटला. मी त्याला टॅक्स डिस्ट्रिब्यूशनचं कलम पाठवलं: इतर वाटप होवो न होवो, कंपनीनं प्रत्येकाच्या वाट्याच्या नफ्यावरच्या कराइतके पैसे एप्रिलच्या पंधरा तारखेआधी द्यायचे. भाऊंनी दहा तारखेला तीन चेक लिहिले.