नील बेटावर जायचंय? तिकिटाआधी तिथी बघा (इंदूरहून अंदमान)

अंदमान ठरलं की आपल्या इंदूरची मंडळी आधी विमानाचं तिकीट बघतात, मग रिसॉर्टचे फोटो, आणि समुद्राचं काय, तो कुठे पळून जातोय असं धरून चालतात. तर समुद्र पळून जातो. दिवसातून दोनदा जातो आणि दोनदा परत येतो, आणि नीलसारख्या बेटावर ज्या जागी सकाळी कमरेएवढं निळंशार पाणी असतं तिथेच दुपारी नुसते खडक न् प्रवाळाचे दगड उघडे पडलेले असतात. आपण मध्य प्रदेशातले, आपलं पाणी म्हणजे महेश्वरची नर्मदा, घाटावर कधीही जा ती तिथेच असते, त्यामुळे भरती-ओहोटी हा विषय आपल्या डोक्यातच येत नाही. मी हे लिहितेय ते त्याचसाठी, बाकी हॉटेलांची माहिती तुम्हाला कुठेही मिळेल.

हॅवलॉक हे जास्त गाजलेलं बेट सोडून नील का, तर शांतता पाहिजे होती. बरोबर आई आणि आत्या, दोघींना स्कूबा वगैरेत काडीचा रस नाही, त्यांना सावलीत बसून पाणी बघायचं होतं. नील म्हणजे आताचं शहीद द्वीप आणि हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप, डिसेंबर २०१८ मध्ये नावं बदलली. पोर्ट ब्लेअरचंही २०२४ पासून श्री विजयपुरम झालंय. पण बोटवाले, रिक्षावाले सगळे सर्रास जुनीच नावं घेतात, म्हणून बुकिंग करताना दोन्ही माहीत असू द्या. (नील आणि हॅवलॉक दोघंही १८५७ चं बंड चिरडणारे इंग्रज अधिकारी, दोघंही त्याच वर्षी लखनऊला मेले, त्यामुळे नावं गेली त्याचं आत्याला फार बरं वाटलं.) बेट छोटंसं आहे, जेटीपासून पार शेवटच्या सीतापूर बीचपर्यंत साधारण पाच किलोमीटर. गावांची नावं भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर, सीतापूर, त्यामुळे आमच्या दोघी उतरल्या उतरल्या खूश. वस्ती बहुतेक बंगाली, पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना इथे वसवलं होतं, त्यांनी शेती केली आणि आज पोर्ट ब्लेअरच्या बाजारातही नीलची भाजी जाते.

आता तिथीचं. अमावस्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे भरती जास्त चढते आणि ओहोटीही जास्त खाली जाते. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी फार चढतही नाही, फार उतरतही नाही. नीलवरची सगळ्यात बघण्यासारखी गोष्ट म्हणजे लक्ष्मणपूर दोन नंबरच्या बीचवरची दगडाची नैसर्गिक कमान, तिला लोक हावडा ब्रिज म्हणतात. तिथपर्यंत खडकांवरून चालत जावं लागतं आणि ते फक्त ओहोटीलाच जमतं. उधाणाच्या दिवसांतली ओहोटी मिळाली तर खडकांमधली डबकी छान उघडी पडतात, त्यात सी कुकुंबर (काकडीसारखा दिसणारा समुद्री जीव), शिंपले, निळे-पिवळे छोटे मासे, सगळं गुडघ्याएवढ्या पाण्यात वरूनच दिसतं, पोहता येत नसलेल्या माणसालासुद्धा. आई एका डबक्यापाशी इतका वेळ वाकून उभी होती की गाईड म्हणाला, आंटी चलो, पानी आ जाएगा. उलट भरतपूरला काचेच्या तळाची बोट किंवा स्नॉर्कलिंग करायचं असेल तर पाणी भरलेलं पाहिजे, ओहोटीला तिथे पोहायला जाण्यात अर्थ नाही, पाय सोलवटून घ्याल. म्हणून माझं म्हणणं असं की अमावस्या किंवा पौर्णिमेच्या आगेमागे एकदोन दिवसांत नीलवर पोचा. घरच्या भिंतीवरचं कॅलेंडर उघडायचं, तिथी बघायची, आणि मगच विमानाचं बघायचं.

नक्की वेळ मात्र तिथीवरून काढू नका. रत्नागिरीचे आमचे एक मामा तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ सांगतात (अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमारास), पण तो हिशेब कोकण किनाऱ्याचा, अंदमानला लागू नाही, प्रत्येक बंदराची वेळ वेगळी असते. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीचं वेळापत्रक काढतो, त्यात पोर्ट ब्लेअर असतं, आणि नेटवरही पोर्ट ब्लेअरच्या वेळा सहज मिळतात. नील तिथून चाळीसेक किलोमीटरच्या आत आहे, त्यामुळे त्याच वेळा चालतात. वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते एवढं लक्षात ठेवलं की पुढच्या दिवसाचा अंदाज आपला आपल्याला येतो. कमानीला जायचं तर ओहोटीच्या तळाच्या तासभर आधी निघा आणि पाणी फिरलं की परत फिरा. तिथे गाईड मिळतो, पैसे आधी ठरवून घ्या, पण घ्याच, कारण कुठल्या दगडावर शेवाळं आहे ते त्यालाच माहीत. मागून पट्टा असलेल्या सँडल घाला, चपला नकोत.

इंदूरहून चेन्नई किंवा कोलकात्यामार्गे जाता येतं. पुढचं विमान सव्वादोन तासांच्या आसपास. मधे थांबा मोठा असला तरी चालेल पण दोन विमानांत घाईची जोडणी घेऊ नका, डिसेंबर-जानेवारीत धुक्याने आपल्याकडची उड्डाणं कधी कधी लेट होतात आणि मग पुढची बोटही जाते. भारतीय नागरिकांना नीलसाठी परमिट लागत नाही, आधार कार्ड मात्र प्रत्येकाचं जवळ ठेवा, बोटीवर बघतात. पोर्ट ब्लेअरहून खासगी क्रूझ दीडेक तासात पोचवतात, एसी असतात पण खिडकीबंद, समुद्र काचेतूनच बघा. सरकारी बोट हळू, स्वस्त, आणि डेकवर उभं राहता येतं, मला तीच आवडली. पण तिची तिकिटं थोडेच दिवस आधी सुटतात आणि बेटावरच्या लोकांना प्राधान्य असतं (ते बरोबरच आहे, त्यांची ती सिटी बस आहे). त्यामुळे जाताना क्रूझ पक्की करा आणि येताना सरकारी मिळाली तर मजा. कुठल्या जेटीवरून सुटते ते तिकिटावर नीट वाचा, जेट्या एकाहून जास्त आहेत. बोट लागत असेल तर उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून इथूनच घेऊन जा, आणि बसायच्या आधी घ्या, मळमळायला लागल्यावर घेऊन काही होत नाही.

दिवसाचं गणित तिकडे पूर्ण वेगळं. घड्याळ आपलंच पण सूर्य आपल्याहून तासाभराहून जास्त पुढे. इंदूरला डिसेंबरात सातला उजाडतं, तिथे साडेपाचला सूर्य वर आलेला असतो आणि संध्याकाळी पाचला मावळतो. साडेपाचला बॅटरी काढावी लागते! म्हणजे आपल्या सवयीने नऊला पोहे, अकराला बाहेर असं केलं तर अर्धा दिवस गेला. सूर्योदयासाठी सीतापूरला पावणेपाचला निघा, रिक्षा आदल्या रात्री सांगून ठेवा. सूर्योदय झाला की फोटोवाले सगळे नाश्त्याला जातात आणि मग खरी मजा, अख्खा किनारा जवळजवळ रिकामा. शांत बीच हवा असेल तर माझं मत सीतापूर, सात ते दहा. तिथे पाणी मात्र दिसतं तितकं गरीब नाही, लाटा ओढतात, खोल जाऊ नका.

भरतपूरला दहा ते तीन पाऊलही ठेवू नका. जेटीच्या बाजूलाच असल्यामुळे हॅवलॉक आणि पोर्ट ब्लेअरहून एका दिवसासाठी आलेली सगळी गर्दी तिथेच उतरते, जेट स्कीचा आवाज, नारळवाले, रांगा, त्यापेक्षा आपल्या इंदूरच्या छप्पन दुकान खाऊगल्लीतला रविवार बरा. हीच गर्दी दुपारच्या बोटीने गेली की बेट परत आपलं. म्हणून नीलला एक दिवसाची सहल अजिबात करू नका, कमीत कमी दोन रात्री राहा. रामनगरचा बीच पण छान, झाडांची सावली भरपूर, आत्या तिथेच चटई टाकून झोपली. सूर्यास्ताला लक्ष्मणपूर एक नंबर. स्कूटर भाड्याने मिळते पण सायकलही पुरते, रस्ते सपाट आहेत.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहारी माणसाची आबाळ होत नाही, भात, डाळ, ताजी भाजी, सगळं बंगाली वळणाचं आणि आपल्या जिभेला जरा फिकं. सेव बरोबर न्याच, इंदूरवाल्यांना सांगायला नको. मासे खाणाऱ्यांनी सकाळीच हॉटेलवाल्याला सांगून ठेवायचं. रोख पैसे पोर्ट ब्लेअरलाच काढून घ्या, बेटावरच्या एटीएमच्या भरवशावर राहू नका. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून इंटरनेटची केबल आली ती पोर्ट ब्लेअरला, हॅवलॉकला गेली, पण त्या यादीत नील नव्हतं, आणि नेट आम्हाला तरी रडतखडतच मिळालं. ओहोटीच्या वेळा, तिकिटं, सगळं आधीच स्क्रीनशॉट काढून ठेवा, आणि यूपीआयवर तर सोडूच नका.

शंख-शिंपले, प्रवाळाचा तुकडा, मेलेला असला तरी, उचलून पिशवीत टाकू नका. प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत, आणि विमानतळावर सामान तपासतात. दुकानातून शिंपल्याची वस्तू घेतली तर पक्कं बिल घ्या. मगरीची सूचना लावलेली असेल तिथे पाण्यात शिरायचं नाही, अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी खरोखर आहेत. वाळूतले बारीक किडे संध्याकाळी चावतात, खाज दोन दिवस जात नाही, पायाला खोबरेल तेल चोपडलं तर जरा कमी चावतात. आणि कचरा. इंदूरचं नाव सांगितलं की लोक लगेच सफाईवरून बोलतात, तेव्हा निदान आपली पाकिटं आपण परत आणावीत, आईने तर दुसऱ्यांचीही गोळा केली.

हंगाम डिसेंबर ते एप्रिल धरा. मेच्या शेवटापासून पाऊस, ऑक्टोबर-नोव्हेंबरात वादळांची भीती, आणि समुद्र खवळला की बोटी सरळ रद्द होतात, कोणी काही करू शकत नाही. त्यामुळे परतीच्या विमानाच्या दिवशी सकाळी नीलहून निघायचा प्लॅन करू नका, आदल्या दिवशीच पोर्ट ब्लेअरला या. तो दिवस सेल्युलर जेलला द्या. १९०६ मध्ये बांधून पूर्ण झालेल्या सात इमारतींपैकी तीनच आज उभ्या आहेत, सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर अगदी टोकाला आहे, जिने चढायचे आहेत, तेव्हा गुडघे दुखणाऱ्यांना सकाळी उन्हाआधी न्या. संध्याकाळच्या लाइट अँड साउंड शोचं तिकीट आधी काढून ठेवा, ऐनवेळी मिळत नाही.