स्लोगेन: समुद्रकाठापासून १५६४ मीटर, स्कीवर

स्लोगेनची उंची १५६४ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा ८२ मीटर कमीच. पण कळसूबाईला आपण बारीतून चढायला लागतो तेव्हा जवळजवळ निम्मी उंची गाडीनेच गाठून दिलेली असते. स्लोगेनच्या पायथ्याशी थेट समुद्र आहे. ओये गावात नोरांगफ्योर्डच्या (फ्योर्ड म्हणजे डोंगरांमध्ये आत शिरलेला समुद्राचा अरुंद फाटा) काठावर उभं राहून वर बघितलं की मान दुखून येते, इतका तो सरळ उठलेला. पश्चिम नॉर्वेतल्या सुनमोरे भागातले डोंगर असेच आहेत, खाली खारं पाणी आणि वर बर्फ.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये आम्ही अर्ध्यातून परत आलो होतो. खिंडीखालच्या टप्प्यावर पायाखालून ‘धुम्म’ असा दबका आवाज आला आणि आजूबाजूचा बर्फ बोटभर खाली बसला. याचा अर्थ वरच्या थराखाली एक कच्चा थर आहे आणि तो आपल्या वजनाने मोडतोय. सपाटीवर नुसता आवाज होतो, तीस अंशांच्या वरच्या उतारावर हेच झालं तर अख्खा उतार सुटतो. आमच्याबरोबर आमचे साठीचे नॉर्वेजियन शेजारी होते. ते काही न बोलता वळले, आम्हीही वळलो. इथल्या डोंगराच्या नियमांतला आठवा नियमच आहे: वेळेत मागे फिरा, त्यात लाज नाही. १९६७ च्या ईस्टरमध्ये डोंगरांत १८ माणसं गेली, त्यानंतर हे नियम इथे घरोघरी पोचले.

यंदा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा ठरवलं. मी शेजाऱ्यांना विचारलं, “पहाटे किती वाजता निघायचं?” ते म्हणाले, “खाली कधी यायचंय ते आधी ठरव, मग निघायची वेळ आपोआप कळेल.” स्लोगेनबद्दल मला सांगायची असलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. स्कीची वाट खिंडीपासून डोंगराच्या पूर्व-आग्नेय अंगाने चढते, म्हणजे सकाळचं पहिलं ऊन याच उतारावर. रात्री आभाळ निरभ्र असेल तर बर्फ कडक गोठतो आणि पहाटे सुरक्षित असतो. नऊ-दहाला वरचे दोन-तीन सेंटिमीटर मऊ होतात, तेव्हा उतरायला याच्याइतकं सुख नाही. दुपारी तोच बर्फ ओला, जड होऊन घसरतो. रात्र ढगाळ गेली असेल तर बर्फ गोठतच नाही, मग पहाटे निघूनही फायदा नाही. अंथरुणातच राहा.

आम्ही साडेदहापर्यंत उताराखाली यायचं ठरवलं आणि सव्वाचारला नोरांगदालेन खोऱ्यातल्या स्किलस्टाड वस्तीवरून डोक्याला दिवे लावून निघालो. सुरुवातीला बर्चची झाडं आणि ओला, विरघळता बर्फ. इथे माझ्या स्किन्स भिजल्या. (स्कीच्या पोटाला चिकटवायच्या या केसाळ पट्ट्या, पुढे सरकतात, मागे घसरत नाहीत.) वर गार बर्फ लागल्याबरोबर भिजलेल्या केसांना बर्फाचे गोळे चिकटले आणि प्रत्येक पाय दोन किलोचा झाला. थांबून, गोळे खरवडून, स्किनवर केसांच्या दिशेने मेण घासलं तेव्हा कुठे चालता आलं. पंधरा मिनिटं गेली. मेणाची वडी बॅगेच्या तळाशी नको, खिशात ठेवा.

खिंडीत उजाडलं. इथून पाखेलहुत्ता या झोपडीकडे वाट जाते. पाखेल नावाच्या इंग्रज गिर्यारोहकाचं नाव तिला आहे. शिखराची वाट डावीकडे. उतार हळूहळू उभा होत जातो आणि कडक पृष्ठभागावर स्किन एकट्या धरत नाहीत. स्कीला लावायचे दातेरी क्रॅम्पॉन खिंडीतच लावा, वर उतारावर वाकून लावायला गेलात तर हात थरथरतात. माझे थरथरले.

शेवटच्या टप्प्यात स्की एका खडकाच्या आडोशाला उभ्या रोवल्या, बुटांना क्रॅम्पॉन, हातात आइस-अ‍ॅक्स. हा भाग चाळीस अंशांच्या आसपास किंवा त्याहून उभा आहे आणि इथे घसरणं परवडणारं नाही. बुटाचं टोक दोनदा मारायचं, पाय बसला की अ‍ॅक्स रोवायची, मगच दुसरा पाय. मी बाकी काहीही बघत नव्हते. माथा अगदी लहान आहे, तिघं बसलो की संपला. नवऱ्याने डबा उघडला, गार थालीपिठाचा तुकडा हातावर ठेवला आणि म्हणाला, “अगं, खाली बघ.” माझ्या बुटांच्या मधून फ्योर्ड दिसत होता, आणि ओयेची घरं तांदळाच्या दाण्यांएवढी. १८७० मध्ये योन क्लोक हा माथा सर करणारा पहिला माणूस ठरला, तेव्हा त्यानेही पायांमधून हेच पाणी पाहिलं असेल.

पुढे जाणाऱ्यांसाठी. ओलेसुंडहून यायचं तर सोलावोगेन–फेस्टोया फेरी, एर्स्टामार्गे सेब्यो, मग सेब्यो–लेक्नेस फेरी. हेलेसिल्टकडून नोरांगदालेनमध्ये उतरणारा रस्ता हिवाळ्यात हिमस्खलनांमुळे बंद असतो, नकाशावर जवळचा दिसला तरी त्या भरवशावर राहू नका. फेरीची शेवटची वेळ आदल्या दिवशीच बघून ठेवा. ‘वारसोम’ या सरकारी संकेतस्थळावर सुनमोरेचा हिमस्खलनाचा इशारा रोज येतो, १ ते ५ अशा पायऱ्यांत. ३ असेल तर या डोंगराचा विचारही करू नका. तिथेच उतारांचे अंश रंगांत दाखवणारा नकाशा आहे, तो घरी बसून नीट बघा. ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्या माणसाचा संदेश पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाकडे हवंच; गटात एकच फावडं असेल आणि तेच बर्फाखाली गेलं तर हातांनी काही उकरता येत नाही. निघण्यापूर्वी सगळ्यांचे ट्रान्सीव्हर एकमेकांवर तपासून घ्या. रुग्णवाहिकेचा नंबर ११३.

स्कीवर उभा, कडक उतार उतरायची सवय नसेल तर हिवाळ्यात इथे येऊ नका, हे मी मनापासून सांगते. सह्याद्रीतला कितीही अनुभव असला तरी बर्फ वाचायला वेगळा शिकावा लागतो. त्यापेक्षा जुलै ते सप्टेंबर पायी या. लाल ‘टी’च्या खुणांची वाट आहे, घसारा आणि वरचा हात लावून चढायचा भाग आपल्या ट्रेकर्सना ओळखीचा वाटेल. ओले खडक मात्र टाळा आणि उतरताना गुडघ्यांसाठी काठ्या घ्या. उन्हाळ्यात हेलेसिल्टचा रस्ताही उघडतो. त्या वाटेवर लिंगस्टोयल तळं लागतं. १९०८ मध्ये दरड कोसळून नदी अडली आणि गुरं चारायच्या मोसमात राहायची घरं पाण्यात गेली. पाणी नितळ असेल तर त्यांच्या दगडी भिंती तळाशी अजून दिसतात.

आम्ही पावणेदहाला स्की पायात चढवल्या. वरचे थोडे वळसे मी एकेक करून, थांबून घेतले. मग उतार मोकळा झाला, बर्फ बरोब्बर दोन बोटं मऊ, आणि खिंडीपर्यंत कुणीच थांबलं नाही. साडेअकराला गाडीपाशी होतो. एक वाजता बूट वाळत घालून कॉफी पीत बसलो असताना समोरच्या भिंतीवरून पहिला ओला लोट गडगडत खाली आला. शेजाऱ्यांनी घड्याळ बघितलं आणि कप पुन्हा भरला.