पुसून काढलेला समुद्र

रंगाऱ्याच्या खांद्यावरचं फडकं ओघळ टिपायला असतं. पण साध्या फळीवर सागवानाच्या रेषा किंवा संगमरवराच्या शिरा उठवायच्या असतील, तर खरं हत्यार तेच. आधी फिका थर, म्हणजे अस्तर, द्यायचा, तो वाळला की वर पातळ गडद रंग, आणि ओला आहे तोवर पुसायचा, ओरबाडायचा.

नॉर्वेचा पेडर बाल्के या सजावटीच्या रंगकामातूनच चित्रकलेत आला. जन्म 1804 चा, म्योसा सरोवरातल्या हेल्गोया बेटावर, गरिबाघरी. 1832 मध्ये तो थेट नॉर्डकॅपपर्यंत, म्हणजे नॉर्वेच्या पार उत्तरेच्या भूशिरापर्यंत, जाऊन आला आणि तो किनारा त्याला जन्मभर पुरला. फ्रान्सचा राजा लुई-फिलिप तरुणपणी परागंदा असताना तिकडे फिरला होता. त्यामुळे पॅरिसमध्ये बाल्केची रेखाटनं पाहून त्याने मोठं काम सांगितलं. 1848 मध्ये क्रांती झाली. राजाही गेला, कामही गेलं.

पुढे बाल्के क्रिस्तियानियात (आजचं ऑस्लो) कामगारांसाठी वस्ती उभारण्यात गुंतला. चित्रं उरली स्वतःपुरती, आणि माझ्या मते खरा बाल्के इथेच सुरू होतो. तळहाताएवढे तुकडे, बहुतेकांत काळा-पांढराच. ब्रश होता, स्पंज होता, हातही होते. यातला पांढरा बराचसा लावलेला नाहीच. काळा पुसल्यावर खालचं अस्तर दिसतं, तोच फेस, तोच उत्तरेचा प्रकाश.

करून पाहणाऱ्याचा पहिला घात अस्तरात होतो. ते शोषणारं असलं की काळा आत मुरतो आणि कितीही पुसा, राखाडीच राहतो. गुळगुळीत, बंद अस्तर हवं. दुसरा घात रंग पातळ करायच्या टर्पेंटाइनचा: फार झालं तर रंगातलं तेल अपुरं पडतं आणि वाळल्यावर थर खडूसारखा सुटतो. तेल वाढवावं तर लाटा ओघळतात. काळा मुळातच सावकाश वाळतो, ही त्यातली सोय. तरी घाई केली तर सगळं फरफटतं आणि उशीर झाला तर नुसते ओरखडे उठतात.

लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं त्याचं ‘वादळ’ जेमतेम 12 बाय 16.5 सेंटिमीटरचं आहे. पडद्यावर मोठं करून पाहू नये. प्रत्यक्ष मापात जी लाट वाटते, ती मोठी केली की नुसता पुसल्याचा फराटा दिसतो.