पंप-बोर्डाचा साचा: कुकीकटर सोडून कॉपियरवर

दर नव्या पंप-बोर्डाला (शेतातला पंप चालवणारं छोटं सर्किट) प्रोग्रामचा जुना फोल्डर कॉपी करून नावं बदलत बसणं अखेर बंद झालं. कॉपियर या साच्यातून नवे प्रोजेक्ट बनवणाऱ्या साधनावर माझा साचा तयार आहे. टर्मिनलवर एक कमांड दिली की तो मालकाचं नाव, बोर्ड, भाषा आणि डिस्प्ले विचारतो आणि आख्खा प्रोजेक्ट मांडून देतो.

भाषेचा प्रश्न आपल्या भागात टळत नाही. खानापूरकडचे एक शेतकरी म्हणाले, "मला मराठी लागतंय, गड्याला कन्नड. दोन्ही घाला की." म्हणून 'दोन्ही' हाच डिफॉल्ट. पण १६×२ एलसीडीत (१६ अक्षरांच्या दोन ओळींचा पडदा) मराठी-कन्नडसाठी स्वतः ठिपक्यांनी काढलेली अक्षरं एका वेळी ८ च मावतात. त्यामुळे 'दोन्ही' निवडलं की डिस्प्लेचा प्रश्न गाळून साचा थेट ओएलईडी (हवं ते चित्र काढता येणारा पडदा) धरतो. अर्डुइनो नॅनोवर (बोर्डावरचा छोटा कंट्रोलर) हे तंगच आहे म्हणा: १२८×६४ च्या पडद्याचा पूर्ण बफर (चित्राची मेमरीतली प्रत) २ केबी रॅममधली अर्धी खातो.

कुकीकटर हे असंच दुसरं साधन सोडायला निमित्त झालं ते एलसीडीच्या अक्षरांचं. ठिपक्यांची दोन मितींची ॲरे सी प्लस प्लसमध्ये दुहेरी महिरपी कंसानं सुरू होते, आणि जिंजाला (साच्यातल्या रिकाम्या जागा भरणारी भाषा, दोन्ही साधनं तीच वापरतात) तोच कंस म्हणजे 'इथं किंमत भर'. कुकीकटर सगळ्याच फाईली जिंजातून काढतो, वगळायच्या असतील त्यांची यादी आपण द्यायची. कॉपियर फक्त डॉट जिंजा शेपटीच्या फाईली भरतो, बाकीच्या जशाच्या तशा उचलतो. अक्षरांची फाईल बिनशेपटीची ठेवली, विषय संपला.

पण खरी मजा अपडेटमध्ये. विहीर आटल्यावर पंप कोरडा फिरू नये म्हणून ड्राय-रनचं कलम साच्यात घातलं, गिटमध्ये (फाईलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) नवा टॅग, म्हणजे आवृत्तीची खूण, लावला, आणि जुन्या प्रोजेक्टांत 'कॉपियर अपडेट' चालवलं. आधीची उत्तरं तो आठवणीनं वापरतो, आपण हातानं केलेले बदल राखतो आणि जिथं दोन्ही भिडतात तिथं गिटच्या मर्जसारख्या (दोन बदल एकत्र करतानाच्या) खुणा करून ठेवतो. अट एवढीच की प्रोजेक्टही गिटमध्ये आणि सगळं कमिट केलेलं, म्हणजे नोंदवलेलं हवं. ही उत्तरं जपणारी फाईल साच्यातच ठेवावी लागते, आपोआप येत नाही. आणि ती हातानं बदलू नका, पुढचं अपडेट बिघडतं.

फोल्डर बनल्याबरोबर कंपाइलही व्हावं म्हणून टास्क (आपोआप चालणारी कमांड) जोडायचं चाललंय. त्यासाठी कॉपियर 'ट्रस्ट', म्हणजे साच्यावर विश्वास असल्याची परवानगी, मागतो, आणि बरोबरच आहे. परक्याचा साचा आपल्या मशीनवर कमांड चालवणार. साचा कुणाला हवा असेल तर नॅनोचे पिन आधी तपासा, माझा रिले (पंप चालू-बंद करणारा स्विच) डी७ पिनवर आहे.