पान ४७-४८

पार्सल एसटीने आलं. कंडक्टरनं फाट्यावर ते खाली ठेवलं आणि विचारलं, "काय हाये बाप्पा याच्यात, लोखंड?" आत चार खंड होते. मोटरसायकलच्या टाकीवर आडवे घेऊन गावात आणले. सुतळी कापायला वाचनालयात कात्री नाही, म्हणून शेजारून विळा मागून आणला.

आमचं वाचनालय म्हणजे संग्रामपूर तालुक्यातल्या एका गावातल्या दोन खोल्या. १९६७ च्या कायद्याखाली सार्वजनिक ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडले, त्यातला शेवटचा वर्ग आमचा. मी तिथला सचिव. पगार नाही, किल्ली आहे.

खंड होते वऱ्हाडातून एकेकाळी निघणाऱ्या एका वाङ्मयीन मासिकाचे, नव्यानं छापलेले. मासिकाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढं जे सांगायचं आहे त्यात आमच्या वाचनालयाची आणि थोडी आमच्या घराचीही अब्रू जाते.

वऱ्हाडातून असं मासिक निघावं यात नवल काही नाही. आमच्या गावाहून सायकलनं जाता येईल इतक्या अंतरावर, जळगाव जामोदला, श्रीपाद कृष्ण कोल्हटकर वकिली करत. 'बहु असोत सुंदर' लिहिणारे तेच हे. 'चाफा बोलेना'वाले कवी 'बी' मलकापूरचे. इकडची माणसं लिहीत होतीच. पण छापून यायचं तर बाड बांधून टपालानं मुंबई-पुण्याला पाठवावं लागे. कोल्हटकरांचा 'साक्षीदार' हा विनोदी लेख १९०२ साली 'विविधज्ञानविस्तार'मध्ये आला, आणि तो निघे मुंबईहून. मग १९२३ च्या संक्रांतीला अमरावतीत विदर्भ साहित्य संघ स्थापन झाला. पुढंमागं इकडच्याच छापखान्यांतून इकडच्याच माणसांची मासिकं निघू लागली, त्यांतलंच हे एक. आपल्या तालुक्यातल्या मास्तरची कविता आपल्याच भागातल्या खिळ्यांनी छापलेली पाहून त्या मास्तरला काय वाटलं असेल, ते मी समजू शकतो. माझं नाव आजवर फक्त वीजबिलावर छापून आलं आहे.

तर पुनर्मुद्रण करणारी मंडळी तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे आली होती. मासिकाचे सलग अंक त्यांना कुठंच मिळत नव्हते, आमच्या कपाटात अकरा वर्षांचे बांधीव होते. त्यांनी अक्षरजुळणी नव्यानं केली नाही. आमच्या पानांचे जसेच्या तसे फोटो काढले आणि त्यावरून ऑफसेटवर छपाई केली. मला आधी हा कंजूषपणा वाटला. नंतर कळलं, हेच बरं झालं. नव्यानं टंकलं असतं तर कोणीतरी १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांचा विळा चालवला असता आणि 'नाहीं', 'कांहीं', 'जें', 'तें' यांच्या डोक्यावरचे सगळे ठिपके निंदून टाकले असते. जुनी मराठी वाचताना मला ते अनुस्वार लागतातच. ते नसले की लेखक टोपी न घालता लग्नाला आल्यासारखा दिसतो.

पण 'जसेच्या तसे' म्हणजे काय, ते खंड उघडल्यावर उमगलं.

पहिल्या खंडाच्या १७ व्या पानावर आमच्या वाचनालयाचा गोल शिक्का. कोणी पहिलं पान फाडून पुस्तक लांबवलं तरी ओळखता यावं, म्हणून आतल्या एका ठरलेल्या पानावर शिक्का मारायची आमच्याकडे जुनी पद्धत आहे. फोटोत तो आला, आणि आता प्रत्येक छापील प्रतीत आहे. म्हणजे हा खंड पुण्या-मुंबईच्या ज्या ज्या कपाटात गेला असेल, तिथं तो आमच्या गावातून चोरून नेल्यासारखा उभा आहे. दंड वसूल करायचा ठरवला तर वाचनालयाला पत्र्याऐवजी स्लॅब पडेल.

मग किडा. मूळ खंडाला एका किड्यानं आरपार भोक पाडलं होतं. छपाईत त्या भोकाचा काळा ठिपका झाला. पानं उलटत जा, ठिपका हळूहळू सरकत जातो. एका पानावर समासात, चार पानांनी ओळीत, आणखी दहा पानांनी नेमका 'वेळ'च्या डोक्यावर, की झाला 'वेंळ'. हा अनुस्वार कोणत्याच काळच्या व्याकरणात बसत नाही. तरी दोन जागी किड्यानं अनुस्वार अगदी बरोबर दिला आहे, हे मी नीट तपासून सांगतो.

समासात पेन्सिलीनं लिहिलेलंही आलं. एका कथेत नायक भर वैशाखात पूर्णेच्या पुरात उडी घेतो. तिथं कोणीतरी लिहिलंय, 'लेखकाला खारपाण पट्ट्यात चार दिवस ठेवा.' म्हणजे पूर्णेकाठच्या खाऱ्या पाण्याच्या मुलखात. हे वाचून मी मोठ्यानं हसलो. दुसरीकडे एका विरहगीताच्या शेजारी सरकी आणि ढेपेचा हिशोब आहे, बाकी सव्वा रुपया. तो हिशोब आता साहित्यात गेला. संपादकांनी प्रस्तावनेत छंदावर दोन पानं लिहिली आहेत, सव्वा रुपयाविषयी अवाक्षर नाही.

जे आलं नाही तेही सांगायला हवं. जाहिराती नाहीत. त्या काळी वर्षाचे अंक बांधताना बाइंडर वरची रंगीत पानं आणि जाहिराती काढून टाकत, खंड जाड होऊ नये म्हणून. त्यामुळं कविता राहिल्या आणि केसांचं तेल गेलं. महायुद्धातला खंड मात्र मुळातच अंगानं रोडावलेला. कागदावर नियंत्रण आलं होतं. अक्षर बारीक, ओळी दाटीवाटीनं, आणि वर्गणीदारांना विनवण्या मात्र आधीइतक्याच लांब: व्ही.पी. (टपालवाल्याला पैसे देऊन सोडवायचा अंक) परत पाठवूं नये, परत आल्यास टपालखर्चाचा भुर्दंड आम्हांस पडतो. या विनवण्या मी एकापाठोपाठ एक वाचल्या. माझ्या मते मासिकातलं सगळ्यात कळकळीचं गद्य ते आहे.

तिसऱ्या खंडात एक कथा लागली. लेखकाचं नाव कुठं ऐकलेलं नाही. सासरी जाच असलेली एक मुलगी पहाटे ट्रंक घेऊन नांदुऱ्याच्या स्टेशनवर येऊन बसते. तिला न्यायला भाऊ येणार आहे भुसावळकडच्या गाडीनं, आणि तिला परत न्यायला सासऱ्याची दमणी गावाहून निघाली आहे. बैलांच्या घुंगरांचा आवाज आधी ऐकू येतो की गाडीची शिट्टी, एवढीच कथा. त्या माणसानं ती इतकी चांगली लिहिली आहे की मी खुर्चीत पुढं सरकलो. पान उलटलं.

पुढं पांढरं पान. मधोमध बारीक अक्षरांत: मूळ प्रतीत पृष्ठे ४७-४८ नाहीत.

मूळ प्रत म्हणजे आमची. कपाट उघडून खंड काढला. पान खरंच नव्हतं. तेही ओरबाडलेलं नाही, शिवणीलगत ब्लेडनं सरळ कापलेलं. मागच्या पुठ्ठ्याला कार्डाचा खिसा आणि त्यात देवघेवीचं जुनं कार्ड अजून होतं. शेवटची नोंद १९६१ ची. नाव माझ्या आजोबांचं.

आजोबा पान कापणाऱ्यातले नव्हते. मग घरात १९६१ साली ब्लेड चालवणारं कोण होतं, त्याचा हिशोब करत मी तडक आत्याकडे गेलो. आत्या आता ऐंशीच्या पुढं आहे, गावातच असते. ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी नवा खंड तिच्यापुढं उघडला, ते पांढरं पान दाखवलं. ती चष्मा वर करून म्हणाली, "कोरं पान कायले दाखवून रायला मले?"

मी कथा सांगितली. स्टेशन, ट्रंक, दमणी. तिला काही आठवेना. मग म्हटलं, पान ब्लेडनं कापलंय, आत्या.

ती शेंगा सोलायची थांबली. "अरे, ते पोपटाचं पान?"

मागच्या बाजूला, म्हणजे ४८ वर, दसुतीच्या भरतकामाचा नमुना होता. चौकटी-चौकटींचा कागद, त्यात फुल्या, दोन पोपट आणि मधे डाळिंब. 'भगिनींसाठी' म्हणून मासिक दर अंकात एक पान देई. आत्याचं लग्न ठरत होतं, रुखवतात ठेवायला काहीतरी हवं होतं. आजोबा झोपले असताना त्यांच्याच दाढीच्या ब्लेडनं तिनं ते पान काढलं.

"मंग दिलं कोणाले?"

"पयले शांतीनं नेलं. तिच्याकडून तिच्या मामेबहिणीनं, जामोदले. आमच्या साऱ्या पोरींचे पोपट त्याच पानावरचे. मंग कोठीसा गेलं, काय माहीत."

"अन् मांगच्या बाजूची गोष्ट? कोणीच नाही वाचली?"

"मांगच्या बाजूनं कोण पाह्यते रे? घरं मोजा लागत होते."

मी गप्प. एवढ्या हातांतून ती मुलगी स्टेशनवर बसून फिरली, आणि प्रत्येकीनं तिला पालथं घालून पोपट मोजले. त्यांतल्या कितीजणी पुढं खरोखर नांदुऱ्याच्याच स्टेशनवरून सासरी गेल्या असतील.

आत्या उठली. आतल्या खोलीत भिंतीवर ती चौकट आहे, लहानपणापासून मी पाहत आलोय. दसुती पिवळी पडलीय, हिरवा दोरा फिकटलाय, पण पोपट आहेत, डाळिंब आहे, खाली 'सुस्वागतम्' आहे. पदरानं काच पुसून ती बोटानं मोजू लागली. चोचीला सात घरं. मानेला अकरा. शेपटीला उतरती एकोणीस. साठ वर्षांत एकही घर ती विसरलेली नाही.

डोळ्यापाशी बोट थांबलं.

"हे पाय. मासिकात डोळा चुकला होता," ती म्हणाली. "छापणाऱ्यानं एक घर समोर देला. तसा भरला असता तं पोपट चकणा दिसला असता. म्या एक घर मांग घेतला. शांतीनं नाही घेतला. जाय, तिच्या घरी जाऊन पाय."